स्टेपनीचा उपास

"कांदा घातला न्हाय ना?"

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत होते. वांगी अजून गॅसवर भाजत होती, त्यामुळे भरितात काही घालायचा प्रश्नच नव्हता. पण आमच्या बाबांचं समाधान असल्या बारीकसारीक गोष्टींनी होत नाही.

"नाही बाबा. तुमच्या कुत्र्यांचं भरीत वेगळं, आमचं कांद्याचं वेगळं."

"चमचा पन वेगला घे."

"घेतलाय."

"कांदा कुत्र्याला इख असतंय. सोनलमॅडमनी सांगितलंय. मिरची पन नको."

"बाबा, तुम्ही जाऊन तळी भरायची तयारी करा बघू."

चंपाषष्ठीचा दिवस होता. चातुर्मास लागला की आमच्या घरात कांदा आणि वांगं बंद होतं, ते या दिवशी खंडोबाला दाखवूनच पुन्हा सुरू होतं. त्यामुळे सकाळपासून भाजक्या वांग्याच्या वासाने घरादाराचं लक्ष उडालेलं असतं. पण तळी भरून झाली, येळकोट झाला, कपाळाला भंडारा लागला, तरी कोणी घास मोडायचा नाही. आधी कुत्रा जेवतो. खंडोबाचं कुत्रं ते. त्याला उपाशी ठेवून आपण ताटावर बसलो तर देवाला काय तोंड दाखवायचं, असं माझ्या सासूबाई, शकूबाई, म्हणायच्या. त्या होत्या तोवर अंगणात त्यांचा काळू होता. त्या गेल्या आणि मागोमाग काळूही गेला. आता अंगणात टाइल्स आहेत, प्रणयची गाडी आहे, कुत्रं नाही.

म्हणून आमचा नैवेद्य स्कूटरवर बसून उरणच्या बाहेर, प्राण्यांच्या सरकारी निवाऱ्यात जाणार होता. तिथून निरोप येईपर्यंत माझा नवरा सुट्टी काढून ताटाकडे बघत बसणार होता.

"लवकर फोन कर गं," प्रणय म्हणाला. "कुत्रा जेवला की लगेच."

बाबा म्हणजे माझे सासरे, मोरेश्वर घरत. बंदराच्या रस्त्यावर मोरू ड्रायव्हर. मिठागरं होती तेव्हा घरच्यांबरोबर मीठ ओढलं, मिठागरं गेली तेव्हा ट्रेलर धरला आणि जन्मभर कंटेनर वाहिले. मग साखरेने उजव्या डोळ्यात घर केलं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं. बाबा घरी बसले. म्हणजे घर त्यांच्या ताब्यात आलं. मी कुकर लावला की शिट्ट्या मोजायचे, प्रणयने गाडी लावली की उठून नीट लावायला सांगायचे, दूधवाल्याशी, केबलवाल्याशी, समोरच्या आवडाबाईंशी रोज वाद. मी न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी घरी आले की दिवसभराच्या तक्रारी दारातच ऐकायच्या. आणि कधीकधी तक्रारी नसायच्या, नुसते अंधारात बसलेले असायचे. ते जास्त वाईट होतं.

निवाऱ्यात स्वयंसेवक हवेत, असा फलक मी येता-जाता वाचला होता. मी बाबांना तिथे नेलं ते काही कुत्र्यांच्या प्रेमापोटी नाही. मला कुत्र्यांची भीती वाटते. मी व्हरांड्याच्या पुढे कधी गेलेही नव्हते. नेलं ते माझ्या डोक्याला थोडी शांतता मिळावी म्हणून.

पण त्यांचं तिथे जमलं. गावोगावची मोकाट कुत्री तिथे नसबंदीसाठी आणतात, लस टोचतात, कानाला खूण करतात आणि बरी झाली की जिथली तिथे सोडून येतात. बाबा पिंजरे धुवायचे, पाणी भरायचे, आणि मुख्य म्हणजे बोलायचे. त्यांचं सगळं ऐकून घेणारं कोणीतरी अखेर भेटलं होतं. नवीन धरून आणलेलं, कोपऱ्यात थरथरणारं कुत्रं दिसलं की बाबा पिंजऱ्याबाहेर बसकण मारून त्याला पळस्पे फाट्यापासून पुढचा रस्ता समजावून सांगत. नावंही त्यांचीच. गिअर, डिपर, हेल्पर. एक पिवळसर कुत्री होती, धाब्यावरून आणलेली. तिचा मागचा एक पाय नुसता जोडीला होता, गरज पडली तरच टेकायची. ती स्टेपनी.

स्टेपनी त्यांची फार लाडकी. रात्री जेवताना तिच्या गोष्टी. "आज पाय टेकला तिनं, हेमाली. चार पावलं." पाचव्या पावलाचं काय झालं, हे विचारायची आमची टाप नव्हती.

निवाऱ्याचा एकच नियम कडक होता. ज्यांचं ऑपरेशन आहे ती कुत्री आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची. त्यांच्या पिंजऱ्यांना आणि गळ्यात लाल फडकं बांधलेलं असे. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी होते, ती श्वासनळीत जाते आणि कुत्रं टेबलावरच जातं. मागे एका कॉलेजच्या मुलीने दया येऊन लाल फडक्यातल्या पिल्लाला बिस्किट घातलं होतं. निवाऱ्यातल्या डॉक्टर सोनलने तिला त्याच दिवशी घरी पाठवलं, ती परत दिसली नाही. बाबांनीच आम्हाला हे सांगितलं होतं, आणि वर म्हणाले होते, "बराबर केलं मॅडमनी. नियम म्हंजे नियम."

त्या दिवशी निवाऱ्यात पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. बाबा भाकरी आणि भरिताचे दोन डबे घेऊन आत गेले. मी व्हरांड्यात, दाराची कडी नीट लागलीय ना बघून, बाकावर बसले. आतून भुंकणं उसळलं आणि मग एकदम थांबलं. वाढप सुरू झालं होतं. मध्येच तिथला कामगार तुकाराम स्टेपनीला कडेवर घेऊन समोरून ऑपरेशनच्या खोलीत गेला. तिच्या गळ्यात लाल फडकं होतं. कपाळावर भंडाऱ्याचं बोट.

बाबा परत आले ते उन्हात उजळलेल्या चेहऱ्याने. डबे रिकामे.

"झालं. सगल्यांना दिला. एक पन सोरला न्हाय. प्रणयला फोन कर, जेव म्हन."

मी फोन लावला. कुत्रा जेवला, म्हटलं. पलीकडून ताट ओढल्याचा आवाज आला. फोन ठेवताना माझ्या डोक्यात ते भंडाऱ्याचं बोट आलं.

"बाबा, सगळ्यांना म्हणजे? लाल फडक्यातल्यांना नाही ना?"

"त्यांना जराजरासाच."

"बाबा!"

"अगो, परसाद तो. जेवन हाय काय?" बाबा मला समजावायला लागले, अगदी शांतपणे. "तुजी सासू एकादस करायची. पन कोनी परसाद दिला तर नाय म्हनायची काय? परसादानं उपास मोडत न्हाय. आनि आजच्या दिवशी खंडोबाच्या कुत्र्याला टालून जायचं? सगल्यांना द्यायचा आनि त्या बिचाऱ्यांनी नुसतं बघायचं?"

"किती दिला?"

"नखाएवढा. स्टेपनी तेवढी लबाड. मी नखाएवढा तुकडा मोडेपर्यंत अख्खी भाकरी वढली हातातनं. भरितासकट. मी म्हनलं जाऊंदे, देवाच्या नावाची..."

ते बोलता बोलता थांबले. त्यांनी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. कांद्याचा चमचासुद्धा वेगळा घ्यायला लावणारा माणूस. आपण काय केलं हे त्यांच्या चेहऱ्यावर वरून खाली उतरत गेलं, ते मी पाहिलं. तसं कोणाचं पाहायला मिळू नये.

मग बाबा धावले. त्यांच्या मागे मी. आतला दरवाजा, मधली पिंजऱ्यांची रांग, दोन्ही बाजूंनी भुंकणं, कशाचंही मला भान नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं आणि स्टेपनी टेबलावर उलटी करत होती. शुद्ध हरपता हरपता, मान लुळी पडलेली. डॉक्टर सोनलने तिचं डोकं टेबलाच्या कडेवरून खाली घेतलं होतं आणि बोटांना कापड गुंडाळून ती घशातून अन्न काढत होती. तांदळाच्या भाकरीचे तुकडे फरशीवर पडत होते.

"तुकाराम, नळी! सक्शन लाव, लवकर! हिला खायला कुणी दिलं?"

"मी न्हाय दिलं मॅडम. आईशप्पत. मी रात्री सगला भांडा उचलला होता."

"मग पोटात भाकरी आली कुठून? उपाशी पिंजऱ्यांपाशी तुझ्याशिवाय कोण जातं?"

तुकारामचा चेहरा पांढरा पडला. तो कंत्राटावरचा माणूस, त्याला घरी पाठवायला कागदही लागला नसता. बाबा दारातच होते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं, आणि मी तरी काही बोलले असते की नाही, मला ठाऊक नाही.

"मी दिलं," बाबा म्हणाले. "सगल्या लाल फडक्यातल्यांना दिलं. त्यांना आत घेऊ नका. तुकाराम नव्हता तिथं."

डॉक्टरने एकदा वर पाहिलं. म्हसळ्याची मुलगी, माझ्यापेक्षा लहान असेल. तिचं ते पाहणं रागाचं नव्हतं, राग परवडला असता.

"बाहेर थांबा काका."

आम्ही बाहेर थांबलो. त्या दिवशीची सगळी ऑपरेशनं रद्द झाली. काही वेळाने तुकारामने स्टेपनीला उचलून बाजूच्या खोलीत गोधडीवर आणून ठेवलं. जीभ बाहेर, डोळे अर्धवट उघडे आणि काचेचे. छाती हलत होती, पण मध्येच आत काहीतरी घरघरायचं. डॉक्टर गुडघ्यांवर बसून ऐकत होती.

"घशातलं सगळं काढलंय. फुप्फुसात किती गेलं ते आत्ता नाही सांगता येत. भूल उतरू दे. उठली आणि श्वास साफ राहिला तर वाचली. नाहीतर..." तिने कानातली नळी काढली. "तिची मान अशीच खाली ठेवा. तोंडात लाळ साचली तर पुसत राहा. थंड पडू देऊ नका."

"मी बसू?" बाबांनी विचारलं.

"दुसरं कोण बसणार?"

बाबा फरशीवर बसले आणि स्टेपनीची मान त्यांनी दोन्ही तळव्यांत धरली. रोज इतकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मी त्यांच्या बाजूला बसले. आयुष्यात पहिल्यांदाच कुत्र्याच्या इतक्या जवळ. तिच्या अंगाला औषधाचा आणि भरिताचा वास येत होता. माझ्या हातचं भरीत. आणि मी, जिला कुत्रं कधी आवडलं नाही, मनातल्या मनात खंडोबाला सांगत होते की हिला उठव. तुझंच कुत्रं आहे, तुझाच प्रसाद आहे, उठव हिला. कारण ही गेली तर बाबा पुन्हा त्या अंधारात जाऊन बसतील आणि या वेळी मला त्यांना बाहेर काढता यायचं नाही.

दुपार टळत चालली. प्रणयचा फोन आला.

"अगं, कुठे आहात? मी जेवून झोपून उठलोसुद्धा."

"कुत्रा जेवला होता. आता नाही जेवलेला."

"म्हणजे काय?"

"घरी आल्यावर सांगते."

बाबांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. त्यांचं खाणं वेळेवर झालं नाही की हात कापतात. मी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला.

"बाबा, दोन खा. नाहीतर साखर उतरेल."

"नको."

"हट्ट करू नका. तुम्ही आडवे झालात तर मी कोणाची मान धरू?"

"हेमाली, कुत्रं जेवल्याबिगर न्हाय." त्यांनी तिच्या तोंडाची लाळ पुसली. "तिचं सगलं बाहेर आलं ना. म्हंजे ती उपाशीच हाय. माझ्यामुलं."

शेवटी मी तुकारामकडून गोड चहा आणवला. पाण्याला दोष नसतो तसा चहालाही नसतो, असं मी त्यांना ठासून सांगितलं. याला शास्त्रात कुठे आधार आहे ते मला माहीत नाही, पण त्यांनी तो प्यायला. एका हाताने, दुसरा तिच्या मानेखालून न काढता.

"मना वाटलं, देवाचं हाय, तर काय व्हनार," ते म्हणाले. "शकू आसती तर तिनं पन दिला आसता."

"दिला असता," मी म्हटलं. खरंच दिला असता. आम्ही सगळ्यांनीच दिला असता.

उन्हं कलायला लागली तेव्हा स्टेपनीचा कान हलला. आधी मला भास वाटला. मग तिने जीभ आत घेतली, पुन्हा बाहेर काढली आणि बाबांच्या मनगटाला लावली. बाबा हललेच नाहीत. मीच डॉक्टरला हाक मारत धावले.

सोनलने नळी कानाला लावली आणि तिच्या छातीच्या या बाजूला, त्या बाजूला, पाठीकडून, बराच वेळ ऐकलं. खोलीत माशी फिरत होती, तिचा आवाज येत होता.

"साफ आहे," ती म्हणाली. पुन्हा एकदा ऐकलं. "दोन्हीकडे साफ आहे. नशीबवान आहे कार्टी."

बाबांनी भिंतीला डोकं टेकलं आणि ते रडले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. तुकारामने तोंड फिरवलं आणि मी गळ्यात ओढणी नसताना ओढणी शोधायला लागले.

स्टेपनी उठून बसायला अजून बराच वेळ गेला. पडली, उठली, पुन्हा पडली. तिला थोडं पाणी दिलं, ते पोटात राहिलं. मग डॉक्टरने स्वतः मऊ भात कालवून आणला, दोन चमचे. स्टेपनीने तो हुंगला आणि खाल्ला. ताटलीही चाटली.

"जेवली," बाबा म्हणाले.

"जेवली," डॉक्टर म्हणाली. "आता तुम्ही जेवा, आणि मग मला तुमच्याशी बोलायचंय."

बाबांनी बिस्किटाला हात लावला नाही. ते उठले. गुडघे धरले होते, भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले. निवाऱ्याचा निळा एप्रन त्यांनी काढला, लाळ लागलेली बाजू आत घेऊन त्याची घडी घातली आणि डॉक्टरपुढे धरली.

"तुमी बोलू नका मॅडम. मना समजतंय. त्या पोरीला तुमी घरी पाठवलीत, मी पन ऐकून होतो. नियम म्हंजे नियम."

डॉक्टरने घडीकडे पाहिलं.

"ती मुलगी शेवटपर्यंत बोलली नाही काका. दुसऱ्यांवर ढकलत बसली. पिल्लू टेबलावर गेलं तेव्हा कळलं मला, पोटात बिस्किट होतं ते. तुम्ही दारातून बोलला नसता तर हिच्या मागे मी आणखी तिघींना भूल दिली असती." तिने ताटली उचलली. "पण मी तुम्हाला सोडणार नाहीये. महिनाभर पिंजऱ्यांकडे जायचं नाही. बाहेरचं आवार झाडायचं, भांडी घासायची, बस. कुत्र्याला हात नाही लावायचा. आणि खायचा डबा गेटच्या आत आणायचा नाही, देवाचा असो की माणसाचा."

बाबा ऐकत होते. एप्रन अजून हातात तसाच.

"पिंजऱ्याकरं जायचं न्हाय," ते म्हणाले.

"नाही."

"पन यायचं हाय?"

"मग झाडणार कोण?"

"उद्यापासनं?"

"उद्या रविवार आहे काका. परवापासून."

बाबांनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग एप्रनची घडी मोडून तो खुंटीला अडकवला, नीट, दोन्ही बंद आत घालून, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दे तो बिस्किटाचा पुरा. हात कापतायत माजे."

सगळा पुडा संपवला त्यांनी. त्यातलं एक तुकारामला दिलं, एक मला. डॉक्टरनेही घेतलं.

निघालो तेव्हा दिवस मावळायला आला होता. बाबांना मागे बसवून स्कूटर चालवणं म्हणजे परीक्षा असते. गिअर नाही त्या गाडीत, तरी ते गिअर सांगतात. पुढे ब्रेकर आहे, डावीकडून गाडी घुसतेय, हॉर्न दे, आता नको देऊ. आणि बसतात ते मागच्या कॅरिअरला दोन्ही हातांनी धरून, सुनेला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.

बंदराच्या रस्त्याला लागलो तरी मागून काही सूचना आली नाही. एक ट्रेलर अगदी जवळून गेला, तरी नाही. मी आरशात पाहायचा प्रयत्न केला, काही दिसेना. "बाबा?" म्हटलं. मग माझ्या खांद्यावर वजन आलं. आधी हलकं, मग पुरतं. बाबांचं डोकं होतं. त्यांना झोप लागली होती. कॅरिअरवरचा एक हात सुटून माझ्या कुर्त्याचं टोक धरून होता.

दुसऱ्याच्या गाडीत डोळा मिटायचा नाही, हा त्यांनी आयुष्यभर पाळलेला शिरस्ता होता. मी वेग कमी केला. आणखी कमी केला. मागून ट्रेलरवाला हॉर्न वाजवायला लागला. मी स्कूटर मातीवर, अगदी कडेला घेतली, आणि हाताने खूण करून त्याला पुढे जाऊ दिलं.